‘नववा ग्रह’ : अटकळ, गृहीतक की सिद्धांत?

प्रश्न असा आहे : बातम्यांत ‘महास्फोट सिद्धांत’ छापून येतं, तसंच ‘नवव्या ग्रहाचा सिद्धांत’ही (नेपच्यूनपलीकडे असावा असा, अजून न दिसलेला ग्रह). दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

नाही चालणार. अटकळ नुसती बांधतात, तिला आकडे लागत नाहीत. गृहीतक मांडायचं तर कुठे बघायचं, काय दिसायला हवं आणि दिसलं नाही तर काय सोडून द्यायचं, हे सांगावं लागतं. वेगवेगळ्या तऱ्हेच्या वेधांना पुरून उरलं की मग सिद्धांत. (‘सूर्यसिद्धांता’तला सिद्धांत निराळा. तो ग्रंथाचा प्रकार.)

गृहीतकाची दोन जुनी उदाहरणं पाहू. युरेनस गणितानं आलेल्या जागी सापडेना, तेव्हा फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी पलीकडे एक ग्रह गृहीत धरून त्याची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत खगोलज्ञ गाले यांना नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आतच सापडला. पुढे बुधाचा उपसूर्यबिंदू (कक्षेतली सूर्याला सर्वांत जवळची जागा) हिशेबापेक्षा जास्त सरकताना दिसला. हा फरक शतकाला जेमतेम ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). १८५९ मध्ये ल व्हेरिए यांनी तीच युक्ती लावली : बुधाच्या आत आणखी काहीतरी फिरत असणार. त्या ग्रहाचं ‘व्हल्कन’ असं बारसंही झालं. १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात अमेरिकन खगोलज्ञ वॉटसन यांनी तो पाहिल्याचं जाहीर केलं, पण नंतरच्या ग्रहणांत शोधूनही तो हाती लागला नाही. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेनं (गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतानं) त्या ४३ विकला ग्रहाशिवायच भरून काढल्या.

म्हणून ‘दिसलं’ आणि ‘वेध घेतला’ यांतही गल्लत नको. वेध म्हणजे वेळ, जागा आणि उपकरण यांच्या नोंदीसह केलेलं मोजमाप, दुसऱ्याला पडताळता येईल असं. (ग्रहणात पाळतात ते वेध वेगळे.) गणित आणि आकाश जुळण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, दृक्प्रत्यय. एकोणिसाव्या शतकातले गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांच्या काळापासूनचा पंचांगशोधनाचा (पंचांगाचं गणित आकाशाशी जुळवून घेण्याचा) वाद त्यावरच चालला. खगोलावरच्या लेखात हा शब्द बिनदिक्कत वापरावा.

आता नववा ग्रह. बॅटिगिन आणि ब्राउन या खगोलज्ञांनी २०१६ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या सहा पिंडांच्या कक्षा एकाच बाजूला झुकलेल्या दाखवल्या आणि त्यामागे पृथ्वीच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ग्रह असावा असं मांडलं. आक्षेप असा की दुर्बिणी आकाशाच्या ठरावीक भागांतच वळवल्या, तर पिंडही तिथलेच सापडणार. ग्रह अजून दिसलेला नाही. तेव्हा ‘नवव्या ग्रहाचं गृहीतक’ लिहा. ‘शास्त्रज्ञांचा दावा’ तर नकोच, कारण त्यांनी ‘असावा’ म्हटलंय, ‘आहे’ नव्हे.