पिकअपच्या क्लचमधली हवा घरच्या घरी कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की क्लचचं अप्पर (पेडलजवळचं) आणि लोअर (गिअरबॉक्सजवळचं) सिलेंडर घरीच नवीन बसवलं, तासभर पंपिंग केलं, तरी पेडल मऊच लागतं आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. नवीन माल खराब निघाला का, असं विचारताय.

बहुधा नाही. हवा अप्परमध्येच अडकली असणार. माझ्यावर हीच वेळ आली होती. मी आडगावचा. टोमॅटोचा ऐन हंगाम, रोज पिंपळगावला माल न्यायचा आणि क्लच बसला. दुपारभर निपल, म्हणजे लोअरवरचा हवा सोडायचा स्क्रू, उघडझाप केली, ब्रेक ऑइल नुसतं वाया गेलं. शेवटी अप्पर परत खाली काढलं, आडवं धरून ऑइल भरलं, नळीच्या तोंडावर बोट ठेवून स्क्रूड्रायव्हरनं पिस्टन सावकाश दाबत राहिलो. आधी फेस आला, मग बारीक बुडबुडे, मग नुसतं ऑइल. तेव्हाच ते बसवलं.

आता खालची हवा. चाकांना दगड लावा, एका माणसाला केबिनमध्ये बसवा. निपलला सलाईनची नळी जोडा आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा. त्यानं पेडल तीन-चार वेळा सावकाश दाबून तळाशी धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा सैल करून लगेच आवळायचा. तुम्ही "सोड" म्हणाल तेव्हाच त्यानं पाय उचलायचा. पाय आधी उचलला की हवा पुन्हा आत ओढली जाते. वरच्या डबीतलं ऑइल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. निपल लोअरच्या वरच्या अंगाला आलाय ना, तेही बघा, कारण हवा वरच जमते.

ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइलचा थेंबही नको, रबरी वॉशर फुगतात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो. एअर बूस्टर असलेल्या मोठ्या ट्रकची रीत वेगळी असते, तिथं हे जसंच्या तसं करू नका.

पेडलला सुरुवातीला थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हवाच. पेडलपासून पिस्टनला ढकलणारा पुश रॉड ताठ बसवला असेल तर अप्परमधलं बारीक भोक बंद राहतं आणि हवा डबीकडे जातच नाही.

एवढं करूनही पेडल मऊच राहिलं, तर कोणाला तरी ते दाबायला सांगा आणि रबरी होसवर हात ठेवा. हाताखाली फुगत असेल तर होस बदला.