‘दयेची कृत्ये’ का खटकतात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. एका स्मरणिकेसाठी तुम्ही लेखाचं भाषांतर करताय. विषय आहे वेगवेगळ्या देशांतल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचं काम आणि त्यांची ‘अ‍ॅक्ट्स ऑफ मर्सी’. तुम्ही शीर्षक दिलंत, ‘विविध देशांतील ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे कार्य व दयेची कृत्ये’. संपादकांनी ‘कृत्ये’खाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘आरोपी सापडले का?’ तुम्ही विचारताय की शब्द चुकला कुठे, कारण शब्दकोशात तर ‘कृत्य म्हणजे काम’ असंच आहे. जाताजाता दुसरा प्रश्न: ‘मिशनरी’ तसाच ठेवायचा, की ‘धर्मप्रसारक’ करायचं?

संपादकांचा विनोद बोचरा आहे, पण त्यांचा कान बरोबर आहे. तुमचा कोशही बरोबर आहे. संस्कृतात ‘कृत्य’ म्हणजे करण्याजोगं, करायलाच हवं असं काही. ‘कर्तव्य’ त्याचा सख्खा भाऊ. ‘नित्यकृत्य’ म्हणजे रोजची पूजाअर्चा, आणि ‘कृतकृत्य झालो’ म्हणणाऱ्याने काही गुन्हा केलेला नसतो. नव्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचं मराठी नाव ‘प्रेषितांची कृत्ये’ आहे, आणि चर्चमध्ये ते नाव ऐकताना कुणाच्या भुवया वर जात नाहीत. पण चर्चच्या बाहेर वर्तमानपत्रांनी या शब्दाची पार रया घालवली. ‘माथेफिरूचे कृत्य’, ‘घृणास्पद कृत्य’, ‘हे कृत्य कोणी केले याचा पोलीस शोध घेत आहेत’. आता चांगलं काही म्हणायचं तर त्याच्यामागे ‘सत्’ लावून त्याला आधी अंघोळ घालावी लागते, तेव्हा कुठे ‘सत्कृत्य’ होतं. ‘कारस्थान’ या शब्दाचंही असंच झालं. पेशवाईत कारस्थान म्हणजे मुत्सद्देगिरी, आज ते फक्त सासवा-सुनांच्या मालिकांत चालतं.

थोडक्यात, एकाच मराठीत दोन बोली नांदतात. ख्रिस्ती मराठीने कृत्य, मंडळी, समाचार असे काही शब्द जुन्या अर्थासकट जपून ठेवले. बाकीची मराठी पुढे निघून गेली. ‘मंडळी’ म्हणजे त्यांच्याकडे चर्चचा समुदाय. आपल्याकडे ‘काय मंडळी, जेवलात का?’ स्मरणिका ख्रिस्ती वाचकांपुरतीच असेल तर ‘दयेची कृत्ये’ बिनधास्त ठेवा. सगळ्यांसाठी असेल तर ‘दयेची कामे’ लिहा.

‘दया’ मात्र बदलू नका. तुमच्या पत्रात पुढे तुम्ही पर्याय सुचवलाय, की ‘दया’ शब्दात वरून खाली बघितल्यासारखं वाटतं, तर ‘करुणा’ किंवा नुसतं ‘सेवाकार्य’ करू का? तुमची शंका खोटी नाही. ‘मला तुमची दया नको’ हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण मराठीत दयेची दोन क्रियापदं आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे. दया ‘येते’ आणि दया ‘करतात’. आलेली दया मनात राहते, फार तर डोळ्यांत. केलेल्या दयेला हात लागतात. ख्रिस्ती परंपरेतली ‘मर्सी’ ही दुसऱ्या जातीची आहे. ‘करुणा’ला ‘करणे’ हे क्रियापद सहज चिकटत नाही, आणि ‘सेवाकार्य’ म्हटलं की कुठल्याही क्लबचं रक्तदान शिबिर डोळ्यासमोर येतं.

या परंपरेत दयेची कामं मोजून सात आहेत: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. पहिली सहा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातून आली, सातवं नंतर जोडलं गेलं. सातांत मनात काय वाटलं पाहिजे याचा एक शब्द नाही. सगळी हातापायांची कामं.

याच अध्यायात मराठी बायबलमध्ये आजारी माणसाच्या ‘समाचारास’ येण्याचा उल्लेख आहे. हा जुना, सुंदर प्रयोग. आजाऱ्याच्या समाचाराला जाणं म्हणजे त्याची विचारपूस करायला जाणं. आज कुणी आजाऱ्याचा ‘समाचार घेतला’ म्हटलं तर बिचाऱ्याला पथ्य मोडल्याबद्दल झापलं असंच वाटेल. तुमच्या लेखात हे अवतरण आलं तर शब्द बदलू नका, खाली एका ओळीत अर्थ द्या.

आता एक आवडीची गोष्ट सांगतो, प्रश्नाबाहेरची आहे, पण राहवत नाही. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या, बायबलमधल्या शोमरोनी (‘गुड समॅरिटन’) माणसाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तो त्या जखमीला बघतो तेव्हा मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद येतं ते ‘स्प्लांख्ना’, म्हणजे आतडी, या शब्दापासून बनलंय. लॅटिनवाल्यांनी दयेला ‘मिझेरिकॉर्दिया’ म्हटलं, त्यात दुःखी आणि हृदय असे दोन शब्द आहेत. हिब्रूतला ‘रहमीम’ हा गर्भाशयाच्या नावाशी जोडलेला, अरबीतला ‘रहम’ त्याच्याच घरातला. आतडी, हृदय, गर्भाशय. मराठीला यातलं सगळ्यात जवळचं काय? ‘आतडं तुटणं’. आणि ‘आतड्याचं माणूस’. मराठी बायबलने अशा जागी ‘कळवळा येणे’ वापरलं, तेही अस्सल आहे. तुकोबांच्या ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’मधला तोच कळवळा. तर हिशेब असा लागतो की कळवळा येतो आणि दया केली जाते.

त्या ‘मिझेरिकॉर्दिया’ शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. फ्लोरेन्समध्ये याच नावाची एक बंधुसंस्था आहे, ती आपली सुरुवात 1244 सालची मानते. तिचे सभासद आजाऱ्यांना आणि प्रेतांना खांद्यावर वाहून न्यायचे, आणि कोणी कोणाला उचललं ते कळू नये म्हणून चेहरा झाकणारी काळी टोपडी घालायचे. आज ती संस्था रुग्णवाहिका चालवते. 1498 मध्ये पोर्तुगालच्या राणी लिओनोरने लिस्बनला ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’, म्हणजे दयेचं पवित्र घर, सुरू केलं. पोर्तुगीज जहाजं जिथे गेली तिथे हे घर गेलं: गोवा, नागासाकी, 1569 मध्ये मकाव. भाववाचक नाम इमारतीच्या पाटीवर चढलं. आपल्याकडे ‘धर्मा’चं हेच झालंय, नाही का? धर्मशाळा, धर्मादाय, धर्मार्थ दवाखाना. ‘दानधर्म’ आणि ‘धर्म करा माय’ यांतल्या धर्माचा श्रद्धेशी संबंध कमी, घासाशी जास्त.

आता मिशनरी.

‘धर्मप्रसारक’ हा शब्द वाईट नाही, पण अपुरा आहे. ‘मिशन’च्या मुळाशी लॅटिन ‘मित्तेरे’, म्हणजे पाठवणे. मिशनरी म्हणजे पाठवलेला माणूस. नेमका याच अर्थाचा मराठी शब्द आहे ‘प्रेषित’. पत्रावर ‘प्रेषक’ लिहितो ना, तो पाठवणारा. पाठवलेला तो प्रेषित. पण ही जागा आधीच भरली आहे. बायबलमध्ये येशूचे बारा प्रेषित, आणि एरवी ‘प्रेषित’ म्हटलं की महंमद पैगंबर. दवाखान्यात पट्ट्या बांधणाऱ्या डॉक्टरला प्रेषित म्हणालात तर तोच आधी दचकेल.

मग धर्मप्रसारक का नको? अल्बर्ट श्वाइट्झरचं उदाहरण घ्या. हा धर्मशास्त्राचा मोठा पंडित आणि नामांकित ऑर्गनवादक. तिशीत वैद्यकी शिकला आणि 1913 मध्ये आफ्रिकेतल्या लांबारेने इथे, आजच्या गॅबनमध्ये, ओगोवे नदीकाठी दवाखाना काढायला निघाला. पॅरिसच्या ज्या मिशन संस्थेच्या ठाण्यावर तो जाणार होता तिला त्याची मतं जरा जास्तच मोकळी वाटत होती. तडजोड अशी झाली की त्याने फक्त डॉक्टरकी करायची, प्रवचन द्यायचं नाही. त्यावर त्याने कबूल केलं की मी कार्प माशासारखा मुका राहीन. (मराठीत तो मूग गिळून बसला असता. गप्प बसायला त्यांना मासा लागतो, आपल्याला कडधान्य.) त्याचा पहिला दवाखाना कोंबड्यांच्या खुराड्याच्या जागेत भरला. पुढे ही बंदी सैल झाली, 1952 चं शांततेचं नोबेलही मिळालं. पण तिथे पोचला त्या दिवशी या माणसाला धर्मप्रसाराची मनाई होती आणि तरी तो मिशनरी होता. तुमच्या लेखात तो आहेच. त्याला ‘धर्मप्रसारक’ म्हटलंत तर वाक्य सरळ चुकीचं होईल.

उलट ज्यांचं मुख्य काम शुभवर्तमान सांगत फिरणं हे आहे त्यांच्यासाठी ख्रिस्ती मराठीत वेगळा शब्द आहे, ‘सुवार्तिक’. तिथे तो वापरा.

शिवाय ‘मिशनरी’ आता पाहुणा राहिलेला नाही. त्याचं सामान्यरूप बघा. आपण ‘मिशनरींनी’ म्हणतो की ‘मिशनऱ्यांनी’? शेतकरी-शेतकऱ्यांनी, वारकरी-वारकऱ्यांनी, तसं मिशनरी-मिशनऱ्यांनी. परका शब्द आपल्या विभक्त्या निमूट अंगावर चढवतो, तेव्हा तो घरचा झाला. तुमच्या मसुद्यात दोन्ही रूपं आहेत, ‘मिशनऱ्यांनी’ एकच ठेवा. अर्थही पसरला आहे: ‘मिशनरी वृत्तीने काम करतो’ हे आपण धर्माशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाबद्दल म्हणतो, आणि कौतुकाने म्हणतो. ‘मिशन’चंही तेच. रामकृष्ण मिशन 1897 चं. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, त्याचं मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’. इथे मिशनची मंडळी झाली. मला विचाराल तर या भागातलं सगळ्यात झकास भाषांतर ‘मुक्तिफौज’. विल्यम बूथने 1865 मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत सुरू केलेलं काम 1878 मध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’ झालं, 1882 मध्ये मुंबईला आलं आणि मराठीत मुक्तिफौज म्हणूनच रुळलं. ‘तारण सेना’ वगैरे केलं असतं तर कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

तुमच्या मसुद्यातली एक जागा मात्र हमखास दुरुस्त करा. फादर डेमियनच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय, ‘ते प्रवचनात म्हणत, आम्ही कुष्ठरोगी’. हवाईमध्ये 1866 पासून कुष्ठरुग्णांना पकडून मोलोकाई बेटावरच्या कलाउपापा द्वीपकल्पात नेऊन सोडत. मागे उंच कडा, तिन्ही बाजूंना समुद्र. बेल्जियमचे डेमियन 1873 मध्ये तिथे गेले. घरं बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या स्वतः ठोकल्या, कबरी खणल्या. म्हणजे यादीतलं सातवं काम तर रोजचंच. त्याच वर्षी पत्रात त्यांनी भावाला कळवलं की मी प्रवचनात ‘बंधूंनो’ न म्हणता ‘वी लेपर्स’ म्हणतो. तेव्हा त्यांना रोग नव्हता. तो सुमारे अकरा वर्षांनी दिसला, आणि 1889 मध्ये त्यातच ते गेले.

त्या ‘वी’चं मराठी ‘आम्ही’ होऊच शकत नाही. इंग्रजीत एकच ‘वी’ असतो. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की तो आत. समोर कुष्ठरुग्ण बसलेत आणि हा माणूस ‘आम्ही कुष्ठरोगी’ म्हणतोय, याचा मराठीत अर्थ ‘तुम्ही सोडून आम्ही’. अनर्थच. ‘आपण कुष्ठरोगी’ लिहा. भाषांतरकाराला मूळ लेखकापेक्षा जास्त नेमकं लिहायची संधी क्वचित मिळते, ही त्यातली एक आहे.

शेवटी, मसुद्यातल्या ‘सूप घेतले’ या अवतरणचिन्हांतल्या शब्दांबद्दल तुम्ही तळटीप मागितली होती. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून मोठा दुष्काळ पडला. काही प्रोटेस्टंट मंडळींनी कॅथलिक भुकेल्यांना सूप दिलं, पण आमच्या पंथात या किंवा मुलांना आमच्या शाळेत घाला अशा अटीवर. जे गेले त्यांना गावाने ‘सूपर’ ठरवलं, आणि ‘त्यांनी सूप घेतलं’ हा टोमणा त्या घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटला. त्याच दुष्काळात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कसलीही अट न घालता सूप वाटलं आणि त्यांचं नाव आजही आदराने निघतं. पूर्वेकडे यालाच ‘राइस ख्रिश्चन’ म्हणत. मराठीत अशा माणसाला हिणवायला ‘बाटगा’ आहे, पण इथे तो वापरू नका. ‘बाटणे’मध्ये विटाळ आहे, सूपच्या टोमण्यात भूक आहे. ‘पोटासाठी पंथ बदलला’ इतकं साधं लिहा. आणि हा परिच्छेद लांबी कमी करायला गाळायच्या विचारात असाल, तर गाळू नका. सूप दोघांनी दिलं, यादीतल्या पहिल्या ओळीत कोणाचं बसतं ते वाचकाला आपलं आपण कळेल.

शीर्षकाचं म्हणाल तर ‘विविध देशांतील’ हे सरकारी परिपत्रकातलं वाटतं. मी असं करीन: ‘देशोदेशीचे ख्रिस्ती मिशनरी आणि त्यांची दयेची कामे’. संपादकांना दाखवा. ‘कामे’खालीही रेघ मारली तर कळवा, मग त्यांच्या समाचाराला येतो. कुठल्या अर्थाने ते तेव्हा ठरवू.