बाबांची अँजिओप्लास्टी झाली, आता बरं वाटतंय म्हणून गोळ्या टाळतायत, घरच्यांनी काय करावं?

बरं वाटतंय ते गोळ्या चालू आहेत म्हणूनच, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, घरच्यांचं कोण मनावर घेतं. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवलेली जाळी) बसवल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर अशा दोन गोळ्या बहुतेकांना ६ ते १२ महिने असतात, मधेच सोडल्या तर स्टेंटमधेच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो, त्यामुळे अगदी दात काढायचा असला तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सोडणारेही खूप, अहो ते नॉर्मल आलंय त्या गोळीनेच!

आमच्याकडे सकाळ-रात्र कप्प्यांचा डबा आणलाय आणि दर रविवारी बाबा तो स्वतः भरतात, आई फक्त बघते. हे फार कामाचं आहे, सगळं दुसऱ्यानेच केलं की माणूस खचतो. जेवणही त्यांच्यापुरतं वेगळं अळणी करू नका, सगळ्यांचंच मीठ कमी करा (दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत), पापड-लोणचं रोजच्या ताटातून काढाच. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तेवढं चालायला कोणीतरी सोबत जा. अटॅकनंतर चिडचिड, झोप न लागणं, गप्प राहणं हेही होतं, ओरडू नका, चेकअपला तेही सांगा.

आणि छातीत दाब, घाम, दम लागला तर गॅस समजून थांबायचं नाही, लगेच १०८.