लंडनच्या करड्या हिवाळ्यात काय बघशील

डिसेंबरात इथे आठला उजाडतं आणि चारला अंधारतं, म्हणून पक्षी-प्राणी दिसणारच नाहीत असं समजू नकोस. पानं झडल्याने झाडांच्या फांद्या उघड्या असतात, त्यांवरचे पक्षी सहज दिसतात. मे महिन्यात हेच झाड तुला काही दाखवणार नाही.

दुर्बिणीची घाई नको. आधी घराजवळचं लाल फळांनी लगडलेलं एखादं झाड हेर, रोवन किंवा हॉथॉर्न, आणि रोज सकाळी दहा मिनिटं तिथे थांब. स्कँडिनेव्हियातून आलेले रेडविंग पक्षी अशा झाडांवर थव्याने उतरतात. फिकट भुवई आणि कुशीवरचा विटकरी पट्टा, एवढं बघितलंस की ओळख पटते. पहिला थवा दिसेल तेव्हा मला नक्की कळव!

अंधारात गाणं ऐकू आलं तर तो बहुधा रॉबिन पक्षी. हिवाळ्यात त्याची मादीही आपली हद्द राखत गाते. जानेवारीत रात्री कुणी किंचाळल्यासारखं वाटलं तर घाबरू नकोस, फॉक्सच्या जोड्या जमण्याचे दिवस असतात ते. (फॉक्स म्हणजे आपल्या खोकडाचा भाऊबंद, कोल्हा नव्हे.)

आणि बागेतून हिरवे पोपट ओरडत गेले, तर ते खरोखर आपल्याकडच्याच जातीचे आहेत.