पाच साइटवर तेच लिहिलंय, म्हणजे ते खरं का?

प्रश्न असा आहे: "वडील रोज मोबाइलवर काहीतरी दाखवतात आणि खरं आहे म्हणतात. इंटरनेटवरची कोणती माहिती विश्वासाची, हे ओळखायचं कसं? पत्त्याशेजारी कुलूप असलं आणि चार-पाच साइटवर तेच सापडलं, की पुरे का?"

पुरे नाही. कुलपाचं आधी उरकतो. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यात काय चाललंय ते वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडचा थापा मारत असेल तर थापाही सुखरूप पोचतात. ठगांनाही ते कुलूप फुकटात मिळतं.

पण "चार-पाच साइटवर तेच" हे वाचून माझं डोकं सणकलं. आमच्या घरात याच वाक्यावरून महाभारत झालेलं आहे.

मी नागपूरचा. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, डम्पी लेव्हल (जमिनीची उंच-सखल मोजायची दुर्बीण) खांद्यावर घेऊन कालव्यांच्या लाइनीवर गेली. माझ्या साडूंना बाहेरगावचा पाहुणा आला की झिरो माइलला, म्हणजे इथल्या इंग्रजांच्या काळातल्या मोजणीच्या खांबाकडे, न्यायची हौस. मुलीच्या साखरपुड्याला पुण्याहून व्याही आले, त्यांनाही नेलं. खांबाकडे हात करून म्हणाले, "हा भारताचा बरोब्बर मध्यबिंदू. इंग्रजांनी साऱ्या देशाची अंतरं इथूनच मोजली."

मी म्हटलं, "साडूभाऊ, हे मोजलं कोणी?"

झालं. त्यांनी मोबाइल काढला. एक साइट, दुसरी, तिसरी. "दहा ठिकाणी लिहिलंय. दहाही जण येडे काय?"

येडे नाहीत, आळशी आहेत. मी तिथंच दोन-तीन साइट शेजारी शेजारी धरून वाचल्या. वाक्यांचा क्रम तोच, इतकंच काय, एका गावाच्या नावातली चूकही तीच. एकाच्या वहीतून वर्गभर उतरवलेलं गणित आहे ते. उतरवणारे मोजून काय उपयोग? पहिल्याने कुठून आणलं ते शोधा. विकिपीडियावर तळटीप उघडून बघा. पुष्कळदा ती एखाद्या बातमीकडे नेते आणि त्या बातमीत "असं म्हणतात" एवढाच आधार असतो.

आता त्या जागेचंच बघा. तिथल्या दगडावर जीटीएस (इंग्रजांची देशभरची मोजणी) बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण, आणि १९०७ साल आहे. उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. ज्याने आयुष्यात एकदा तरी स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, धरलाय त्याला हे वाचून कळतं की हा दगड उंचीसाठी आहे. किनाऱ्यावरच्या बंदरांत भरती-ओहोटी मोजून तिथून उंचीची मोजणी देशभर आत आणली, तिचा हा एक पक्का बेंचमार्क. देशाचा मध्य कुठे, याच्याशी बेंचमार्कचा काही संबंध नाही. खांबावर अंतरं कोरली आहेत ती हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची. देशाच्या मध्यावरून सगळी अंतरं मोजली म्हणता, मग दिल्ली आणि कलकत्ता कुठं गेलं?

आणि शाळेच्या भूगोलात मुख्य भूमीचा विस्तार दिलेलाच असतो: ८°४′ ते ३७°६′ उत्तर, ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व. बेरीज करा, निम्मे करा. २२°३५′ आणि ८२°४६′ येतं. ते छत्तीसगडात, कोरब्याच्या आसपास पडतं. नागपूर साधारण २१°९′, ७९°५′ वर. साडेतीनशे किलोमीटरहून जास्त फरक! हे गणित मी पेपर नॅपकिनवर करून व्याह्यांसमोर ठेवलं. साडू तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतात. बायको म्हणते, साखरपुड्याच्या दिवशी हे करायची काय गरज होती. होती.

(ही टोकांची सरासरी आहे, खरा मध्य नव्हे, हेही सांगून ठेवतो. मध्य काढायच्या रीती अनेक, बेटं धरली-सोडली तरी उत्तर हलतं. मध्य प्रदेशात कटनीकडचं करौंदी गावही देशाचा मध्य आपल्याकडे असल्याचं सांगतं. त्यांच्याकडेही मोजणीचा कागद मागा.)

तर वडिलांनी काही दाखवलं की साइट चांगली का वाईट यात शिरूच नका. हे ज्याला माहीत असायला हवं तो कोण, आणि त्याने स्वतः कुठं म्हटलंय, एवढं विचारा. योजनेची बातमी असेल तर शासन निर्णय शोधा. तो महाराष्ट्र शासनाच्या साइटवर क्रमांक आणि तारखेसकट मिळतो. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका, आधी कधी आणि कुठल्या गावाच्या नावाने फिरलाय ते बहुतेक वेळा निघतं. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर तो मजकूर खूप हातांतून आलाय इतकंच समजा, खरेपणाचा शिक्का समजू नका. सरकारी पानही जुनं असू शकतं, तेव्हा तारीख बघा. औषधाचं असेल तर यातलं काही न करता डॉक्टरला विचारा.

वडिलांना पटेल का? माहीत नाही. साडूंना पटलेलं नाही. परवाच्या बारशाला म्हणाले, "मध्यबिंदू नाही, तर मग इंग्रजांनी तिथं खांबाशेजारी चार घोड्यांचे पुतळे कशाला उभे केले?"

घोडे इंग्रजांनी उभे केलेच नाहीत. ते नंतरचे आहेत.