टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग

प्रश्न : माझी १९५०च्या दशकातली गाडी बरीच वर्षं उभी आहे. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. ते काढायचंय, पण तळाचा ड्रेन प्लग जाम आहे आणि त्याचे कोपरे झिजलेत. लांब पाइप घालून जोर लावू, की आधी थोडा तापवू? परत बसवताना वायसर कोणता वापरू?

उत्तर : तापवायचं तर नावही काढू नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. म्हणून गाडी उघड्यावर घ्या, खड्ड्यावर नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची, कारण हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ती भडकते आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण सापडतं. बॅटरीची अर्थची वायर आधी काढा. वायरवरचा दिवा, ड्रिल, ग्राइंडर यांपैकी काहीही जवळ नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

लांब पाइपही नको. प्लग जाड असतो, पण तो ज्या चकतीत फिरतो ती टाकीच्या पातळ पत्र्याला झाळलेली असते. जोर केलात की प्लग तसाच राहतो आणि चकतीच पत्र्यासकट पिळली जाते. मग एका प्लगपायी अख्खी टाकी उतरवावी लागते. म्हणून शक्य तेवढं पेट्रोल आधी वरच्या तोंडातून हातपंपाने काढा. नळी तोंडाने ओढायची जुनी खोड सोडा. पेट्रोल धातूच्या डब्यात घ्या, आणि स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून डबा आणि टाकी एका तारेने जोडून ठेवा.

आता प्लगभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने नव्हे, लाकडी काडीने खरवडा. गंज सोडवणारं तेल लावा आणि रात्रभर थांबा. सकाळी पुन्हा लावा. बारा कोनांचा पाना झिजलेल्या कोपऱ्यांवर घसरतो, सहा कोनांचा घट्ट बॉक्स पाना घ्या. चकतीला चपट्या बाजू असतील तर दुसऱ्या पान्याने ती धरून ठेवा. पहिला झटका सोडवण्याच्या दिशेने न देता किंचित आवळण्याच्या दिशेने द्या. गंजाची पकड बहुतेकदा तिथेच मोडते. मग उलटं फिरवा, पाव फेरा पुढे, थोडं मागे. एवढं करूनही हलला नाही, तर हट्ट सोडा. टाकी उतरवा आणि टाक्या-रेडिएटरचं झाळकाम करणाऱ्याला द्या. तो आधी टाकी आतून पूर्ण धुऊन वाफारतो, मगच आगीला हात लावतो.

प्लग सुटला की पहिला घोट काचेच्या बरणीत घ्या. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून पाणी खाली बसतं आणि त्याखाली गंजाचा लालसर गाळ. प्लग सगळ्यात खोल जागी देतात तो हे काढण्यासाठीच. इथेनॉलमिश्रित पेट्रोल उभं राहिलं की हा पाण्याचा थर वाढतो. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका.

वायसरचं उत्तर आट्यांवर अवलंबून आहे. आटे टोकाकडे निमुळते असतील तर वायसर लागत नाही, आट्यांवर पेट्रोलला टिकणारं सीलंट पुरतं. टेफ्लॉन टेप मला इथे पसंत नाही, तिचे तुकडे नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतात. आणि निमुळता प्लग पूर्ण आत गेलाच पाहिजे असं नाही. काही आटे बाहेर दिसले तरी चालतात, आणखी आवळलात तर चकती फुटेल. आटे सरळ असतील तर तांब्याचा किंवा फायबरचा वायसर घाला. जुना तांब्याचा वायसर दाबून कडक झालेला असतो. तो गाडीपासून लांब नेऊन मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, मऊ होतो. साधं रबर पेट्रोलने फुगतं, नेहमीचं सिलिकॉन सुटून येतं.

आधी थोडंच पेट्रोल घाला, प्लग कोरडा पुसा आणि खाली कोरा कागद ठेवून काही तास पाहा. कागद कोरा राहिला तर टाकी भरा, कारण पूर्ण टाकीचा दाब वेगळा, आणि पुन्हा पाहा. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा.