सायकलच्या ब्रेकवरच्या त्या आकड्यांचं काय करायचं?

प्रश्न: नाशिकला सातपूरला राहतो, सेकंडहँड एमटीबी (माउंटन बाइक) घेतलीये, रविवारी अंजनेरीपर्यंत जातो. शिमानोचे डिस्क ब्रेक आहेत, कॅलिपरवर बीआर-एमटी२०० आणि लिव्हरवर बीएल-एमटी२०१ लिहिलंय, म्हणजे जोडी चुकलीये का? पावसात उतारावर नुसते किंचाळतात. दुकानदार म्हणतो एम६१२० टाका, एक मित्र म्हणतो एम६१०० पुरे, दुसरा म्हणतो एमटी४२०. ४२० म्हणजे हलकाच ना, आकडा लहान आहे?

उत्तर: जोडी बरोबर आहे, काळजी नको. बीएल म्हणजे ब्रेक लिव्हर, बीआर म्हणजे खाली चाकाशी डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर, आणि २००-२०१ तर एकत्रच येतात. आता आकडे. चार आकडी असेल तर आधी पहिला बघायचा, ६१०० डिओर, ७१०० एसएलएक्स, ८१०० एक्सटी, ९१०० एक्सटीआर, हे झालं घराणं. मग शेवटचे दोन, ६१०० ला दोन पिस्टन (पॅड ढकलणारे दट्टे) आणि ६१२० ला चार, वरच्या तिन्हींतही असंच, म्हणजे दुकानदार आणि तुमचा पहिला मित्र एकाच घरातले दोन भाऊ सांगतायत आणि लिव्हर तर दोघांना बीएल-एम६१०० च लागतो. एमटी४२० कुठल्याच घराण्यातला नाही पण पिस्टन चार आहेत, त्यामुळे आकडा लहान म्हणून त्याला हलका म्हणू नका, पकडीत तो दोन पिस्टनच्या ६१०० पेक्षा कमी नाही. (एमटी२०० मध्येही २० दिसतो पण शेवटी ००, म्हणून पिस्टन दोनच. आणि शिमानोच्याच झी एम६४० ला चार पिस्टन असूनही शेवटी ४०, तेव्हा हे गणित सगळीकडे लावू नका.)

पण खरं सांगू का, पैसे घालण्याआधी रोटर, म्हणजे चाकावरची डिस्क, बघा. त्यावर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त रेझिनचे पॅड) कोरलेलं असेल आणि कुणी त्यात मेटल पॅड टाकले असतील तर रोटर भराभर झिजतो. नवा रोटर १.८ मिमी जाड असतो, १.५ झाला की बदलायचा. ओला झाल्यावर थोडा आवाज कुठलाही डिस्क करतोच, पण सुकल्यावरही किंचाळत असेल तर बहुतेक चेनचं तेल रोटरवर उडालंय, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने रोटर पुसा, पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर सरळ पॅड बदला. एवढं करूनही उतारावर हाताला रग लागत असेल तर पुढे चार पिस्टन आणि फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला) चालत असेल तर १८० मिमीचा रोटर, मागे आहे तेच राहू द्या. गंगापूर रोडवर फिरायला तर एमटी२०० ला मी हातही लावणार नाही.

प्रश्न: माझ्या सायकलला टेक्ट्रोचा एचडी-एम२७५ ब्रेक आहे, लिव्हर हँडलला टेकतो. कोपऱ्यावरचा बाइकवाला डॉट ऑइल (मोटरसायकलचं ब्रेक ऑइल) भरून देतो म्हणतो, भरू का? पंचवटी.

उत्तर: अजिबात नाही. एचडी म्हणजे हायड्रॉलिक डिस्क (एमडी असता तर वायरचा, तेलाचा प्रश्नच नव्हता) आणि टेक्ट्रोला शिमानोसारखंच मिनरल ऑइल लागतं. डॉट चालतं ते स्रॅम कंपनीच्या कोड, गाइडसारख्या ब्रेकना, तुमच्यात घातलं तर आतली सील फुगून ब्रेकच जाईल. लिव्हर टेकतोय म्हणजे बहुधा हवा शिरलीये किंवा पॅड संपलेत, आधी पॅड बघा, मग सायकलवाल्याकडून ब्लीड करून (हवा काढून) घ्या.